सर्व्हरवर कोणाकोणाचे नाव आहे

नवा सर्व्हर ताब्यात आला असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात हाती येते ती जेमतेम एक ओळ: एक आयपी पत्ता, 'रूट' हे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे नाव आणि यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीने धाडलेला पासवर्ड. यंत्र कुठल्या इमारतीत आहे, कुठल्या रॅकवर बसवले आहे, हे बहुधा कळत नाही आणि कळून फारसा उपयोगही नसतो. पुढची कित्येक वर्षे त्या यंत्राशी आपला जो संबंध राहणार, तो या एका ओळीच्या वाटेनेच. म्हणून वेबसाइट चढवणे, डेटाबेस उभारणे, बॅकअप लावणे या सगळ्याच्या आधी मी एकच काम हाती घेते. या यंत्रात कोण शिरणार, कोणत्या नावाने शिरणार आणि आपण तेच आहोत हे त्याने कशाच्या आधारे पटवायचे, हे ठरवून तशी मांडणी करते. काम वेळखाऊ नाही. परंतु ते करताना बहुतेकांचे सारे लक्ष आपल्याला आत जाता आले पाहिजे एवढ्यावरच असते, आणि नेमका तोच या कामातला सोपा भाग आहे. दिलेला प्रवेश पुढे कधी ओळखता येईल का, आणि गरज पडली तर काढून घेता येईल का, हे खरे अवघड. आणि त्याची तयारी पहिल्याच दिवशी, प्रवेश देतानाच करावी लागते.

इंटरनेटवर यंत्र सुरू करून थोड्या वेळाने त्याचा लॉगिनचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला, की ओळींमागून ओळी दिसू लागतात. 'रूट' या नावाने फसलेला प्रयत्न, मग 'ॲडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल', 'उबंटू', 'पोस्टग्रेस', आणि प्रत्येक ओळीत कुठला तरी अनोळखी पत्ता. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. आपल्यावर कोणाचा तरी डोळा आहे असे त्याला वाटते. तसे काही नसते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन मांडले, तेव्हाच एका संगणकावरून, गिगाबिट जोडणीच्या बळावर, त्या सगळ्या पत्त्यांवरचे एखादे पोर्ट, म्हणजे एखाद्या सेवेचे क्रमांक दिलेले दार, पाऊण तासाच्या आत तपासून होत होते. आपला पत्ता कोणाला ठाऊक नाही या भरवशावर राहण्याचे दिवस सरले ते तेव्हाच. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, त्यासाठी त्याला कुठलीही अवघड युक्ती लागली नाही. कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याच्या यादीत होत्या आणि त्या टेलनेटवर, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या जुन्या वाटेवर, एकेक करून लावून पाहणे, एवढेच त्याचे काम होते. पासवर्ड बदलायचे कोणाच्या मनातच आले नव्हते, किंवा काही उपकरणांत तो बदलण्याची सोयच नव्हती.

पासवर्डचे हे दुखणे जुने आहे. एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कॉर्बातो यांच्या पुढाकाराने सीटीएसएस ही प्रणाली तयार झाली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, पण प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून तिथे पासवर्ड आले. १९६६ मध्ये त्याच प्रणालीत एका दोषामुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्याला त्या दिवसाची सूचना दिसायच्या ऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच समोर येऊ लागली. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर निबंध लिहिला. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचे उलट न फिरवता येणारे रूप साठवायचे, आणि त्यात प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळे १२ बिटांचे 'सॉल्ट' मिसळायचे, ही पद्धत त्यांनी समजावून दिली; आजची लिनक्सवरची शॅडो फाइल, जिच्यात पासवर्डांची ही रूपे असतात, त्याच विचारावर उभी आहे. साठवणीचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला. पण पासवर्डने ओळख पटवायची तर तो दर वेळी समोरच्या यंत्राला सांगावाच लागतो, हा त्याचा मूळ स्वभाव काही बदलला नाही.

आणि सांगायचा तर तो वाटेत कोणी ऐकू नये, हा पुढचा प्रश्न. टेलनेट आणि आरलॉगिनच्या काळात टाइप केलेले प्रत्येक अक्षर नेटवर्कवरून उघडे जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणी तरी असेच पासवर्ड टिपून घेतले, आणि त्या प्रकाराने अस्वस्थ होऊन तिथल्या तातू युलनेन यांनी दूरच्या यंत्राशी कूटबद्ध जोडणी करून देणाऱ्या एसएसएच या साधनाची पहिली आवृत्ती लिहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. एफटीपीचे पोर्ट २१ आणि टेलनेटचे २३; या दोघांची जागा आपले साधन घेणार म्हणून त्यांनी मधले रिकामे २२ मागितले आणि ते मिळालेही. आपण आज सर्वत्र एसएसएचचे जे ओपनएसएसएच हे खुले रूप वापरतो ते १९९९ च्या डिसेंबरात ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या २.६ या आवृत्तीबरोबर आले. एका माणसाच्या त्या अस्वस्थतेवर आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांची व्यवस्था चालते, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

एसएसएचने वाट झाकली, तरी पासवर्डने लॉगिन करताना तो पासवर्ड झाकलेल्या वाटेने का होईना, पलीकडच्या यंत्रापर्यंत अखंड पोहोचतोच. पलीकडचे यंत्र आधीच कोणाच्या कबजात गेले असेल, तर आपण आपल्या हाताने त्याला पासवर्ड नेऊन देतो. की म्हणजे संगणकी किल्ली; खाजगी आणि पब्लिक अशा दोन कीच्या जोडीने हे टळते. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी आरएसएच्या रूपाने प्रत्यक्षात आणलेल्या विचाराचे हे फळ आहे: दोन संख्या अशा बांधलेल्या असतात, की एकीने केलेली सही दुसरीने तपासता येते, पण दुसरीवरून पहिली काढता येत नाही. आपला संगणक खाजगी कीने सही करतो, आणि ती सही त्या एका जोडणीच्या ओळखक्रमांकावर केलेली असते. त्यामुळे समोरच्याने ती जपून ठेवली तरी दुसऱ्या जोडणीसाठी ती कवडीमोल. खाजगी की स्वतः आपला संगणक सोडून कुठेच जात नाही. सर्व्हरकडे राहते ती पब्लिक की, आणि ती भर चौकात लावली तरी बिघडत नाही. म्हणूनच मला कोणी नव्या यंत्रावर प्रवेश मागितला की मी त्याला पासवर्ड पाठवत नाही. त्याच्याकडून त्याची पब्लिक की मागवते. खाजगी की त्याच्या वतीने मी तयार करून देणे हेही मला मान्य नाही, कारण मग ती काही काळ माझ्याकडे असते, आणि त्याच्या नावावर झालेल्या कामाची खात्री कोणालाच देता येत नाही.

की तयार करायला एसएसएच-कीजेन ही आज्ञा पुरते. ईडी२५५१९ हा कीचा प्रकार २०१४ पासून ओपनएसएसएचमध्ये आहे आणि २०२३ पासून काही न सांगता तोच मिळतो. आज्ञा दिली की ती सांकेतिक वाक्य, म्हणजे पासफ्रेज, विचारते. तिथे नुसते एंटर दाबून पुढे जाण्याचा मोह फार जणांना होतो. पासफ्रेज नसलेली खाजगी की म्हणजे एक साधी फाइल. ती लॅपटॉपच्या बॅकअपमधून, विकलेल्या डिस्कवरून किंवा चुकून कुठल्या फोल्डराबरोबर बाहेर गेली, की ज्याच्या हाती पडेल त्याला आत जाता येते. पासफ्रेज दिली तर तीच फाइल कूटबद्ध होऊन पडते आणि ती उघडण्याचा प्रत्येक प्रयत्न मुद्दाम संथ केलेला असतो. दर वेळी वाक्य टाइप करण्याचा कंटाळा असेल तर उघडलेली की लक्षात धरून ठेवणारा एसएसएच-एजंट हा प्रोग्रॅम आहे. दिवसातून एकदा वाक्य द्यावे आणि मग निश्चिंत राहावे.

आता ती पब्लिक की जरा जवळून पाहू, कारण माझे सगळे म्हणणे तिच्याच एका भागाशी येऊन थांबते. ती एका ओळीची असते आणि तिचे तीन तुकडे असतात. पहिला तुकडा प्रकाराचे नाव सांगतो. दुसरा तुकडा अक्षरे आणि अंक यांची लांबलचक मालिका असते, ईडी२५५१९ साठी बरोबर ६८ वर्णांची; तिची सुरुवात ओळीने चार कॅपिटल 'ए'नी होते, कारण साठवलेल्या मजकुराची पहिली तीन बाइट शून्य असतात. त्या मालिकेचे पहिले २५ वर्ण याच प्रकारच्या जगातल्या प्रत्येक कीमध्ये तेच असतात, कारण तिथे पुन्हा प्रकाराचे नाव आणि लांबीच लिहिलेली असते. म्हणून दोन की सारख्या आहेत का हे पाहताना सुरुवात ताडून काही कळत नाही. शेवट पाहावा लागतो, किंवा त्याहून बरे म्हणजे फिंगरप्रिंट, म्हणजे कीवरून निघणारा छोटा ओळखसंकेत, काढून तो ताडावा. तिसरा तुकडा म्हणजे शेरा. एसएसएच-कीजेन तिथे आपोआप वापरकर्त्याचे आणि संगणकाचे नाव टाकते. सर्व्हर लॉगिन तपासताना या शेऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो रिकामा असला तरी चालतो, खोटा असला तरी चालतो. तो फक्त माणसांसाठी आहे. आणि म्हणूनच मी त्यावर अडून बसते: पूर्ण नाव, कोणते यंत्र आणि की तयार झाल्याचा महिना व वर्ष, हे सगळे त्यात असल्याशिवाय ती ओळ मी सर्व्हरवर चढवत नाही.

हा आग्रह कुठून आला ते सांगते. एका संस्थेचा बराच जुना सर्व्हर सांभाळायला माझ्याकडे आला होता. आधी सांभाळणारे एकामागून एक निघून गेले होते आणि प्रत्येकाने जाताना पुढच्याला तोंडी काय ते सांगितले होते. रूटच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये, म्हणजे ज्यांना थेट सर्वाधिकाराने आत येता येते त्यांच्या यादीत, ओळीखाली ओळ लागलेली. शेवटचे शेरे पाहावेत तर एका ठिकाणी 'युजर ॲट लॅपटॉप', दुसरीकडे 'रूट ॲट लोकलहोस्ट', एका ओळीपुढे नुसते 'न्यू', आणि बऱ्याच ओळींपुढे काहीच नाही. संस्थेत चौकशी केली तर कोणालाच यातले एक नाव ओळखता येईना. यातली कुठली की आजही कोणाच्या तरी संगणकावर जिवंत आहे, कुठली विकल्या गेलेल्या लॅपटॉपबरोबर गेली, कुठली एखाद्या कंत्राटदाराने दोन दिवसांच्या कामासाठी चढवली होती, हे सांगणारे त्या फाइलमध्ये काही नव्हते. तरीही त्यातली प्रत्येक ओळ त्या संस्थेच्या सगळ्या माहितीवर सारखाच हक्क सांगत होती.

ओळी सरसकट पुसून टाकता आल्या असत्या, पण त्यातलीच एखादी रात्रीच्या बॅकअपची असली तर तो बंद पडला हे कळायला पुढची आपत्ती यावी लागली असती. अशा वेळी लॉगच उपयोगी पडतो. कीने लॉगिन झाले की ओपनएसएसएच लॉगमध्ये वापरकर्त्याचे नाव, कुठून आला तो पत्ता आणि वापरलेल्या कीचा फिंगरप्रिंट अशी नोंद करते. फाइलमधल्या प्रत्येक ओळीचा फिंगरप्रिंट एसएसएच-कीजेनने काढला, जुन्या लॉगांशी ताडला, आणि काही आठवडे वाट पाहिली. वापरात असलेल्या की हळूहळू वेगळ्या झाल्या. पत्त्यांवरून एक बॅकअपचे यंत्र निघाले, एक नवी आवृत्ती चढवणारी यंत्रणा निघाली, एक हिशेब सांभाळणाऱ्या बाहेरच्या माणसाची निघाली. त्या प्रत्येकाला नावानिशी वेगळे खाते मिळाले. उरलेल्या ओळी मी दुसऱ्या फाइलमध्ये हलवून ठेवल्या आणि महिनाअखेरीची कामे सुरळीत पार पडल्यावर त्याही काढल्या. जे काम की चढवताना दहा शब्द लिहून झाले असते, त्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला.

नोंद असण्याचे मोल किती, हे २००८ च्या मे महिन्यात जगाला फार कठोरपणे कळले. डेबियन या लिनक्सच्या प्रकारातल्या, कूटलेखनासाठी लागणाऱ्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये केलेल्या एका बदलामुळे यादृच्छिक संख्या तयार करणारा भाग जवळजवळ निकामी झाला होता. त्यात बदलत राहणारी गोष्ट एकच उरली होती, ती म्हणजे प्रक्रियेचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमला यंत्राने दिलेला, क्रमांक. त्यामुळे एका प्रकारच्या आणि लांबीच्या की एका जातीच्या यंत्रावर फक्त ३२,७६७ वेगवेगळ्या तयार होऊ शकत होत्या. त्या सगळ्या आधीच काढून एकेक लावून पाहणे कोणालाही शक्य होते. लुचानो बेल्लो यांनी हा दोष शोधला तोवर जवळपास दोन वर्षे उलटली होती. पॅकेज दुरुस्त करणे सोपे होते, पण त्या काळात तयार झालेल्या की तशाच दुबळ्या राहिल्या, आणि त्या केवळ डेबियनवर नव्हे, तर जिथे जिथे त्यांची पब्लिक ओळ चिकटवली गेली त्या प्रत्येक यंत्रावर धोकादायक होत्या. कोणाची की कुठे आहे हे ज्याला ठाऊक होते त्याला काय बदलायचे ते कळत होते. इतरांना आधी शोधत बसणे भाग होते.

म्हणून प्रत्येक माणसाला स्वतःचे खाते, हा माझा दुसरा आग्रह. 'ॲडमिन' नावाचे एक सामाईक खाते आणि त्याचा सर्वांना ठाऊक असलेला पासवर्ड, ही रचना फार सोयीची वाटते आणि लहान चमूत ती सर्रास दिसते. पण अशा खात्यावर एखादी फाइल पुसली गेली तर 'ॲडमिनने पुसली' एवढेच कळते, आणि एक माणूस सोडून गेला तर सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. तो बदलण्याचा कंटाळा येतो, म्हणून तो बदलला जात नाही. वेगळी खाती असली की सर्वाधिकाराची कामे सुडोमार्फत करता येतात. सुडो १९८० च्या सुमारास बफलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात तयार झाले, ते याच गरजेतून: रूटचा पासवर्ड न वाटता ठरावीक माणसांना ठरावीक आज्ञा चालवू द्यायच्या. कोणी, केव्हा, कुठली आज्ञा चालवली याची नोंद ते ठेवते. आपल्या सहकाऱ्यांवर अविश्वास म्हणून ही नोंद नको वाटते असे काही जण म्हणतात. मला तर ती सहकाऱ्यांच्या बाजूची वाटते, कारण एखादी गोष्ट आपण केली नाही हे सिद्ध करण्याचा तोच एक आधार असतो.

खाती झाली आणि सगळ्यांच्या की चढल्या, म्हणजे पासवर्डची वाट बंद करायची. हे काम मी सगळ्यात सावकाश करते. आधी एक जोडणी चालू ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. सेटिंग बदलून सेवा पुन्हा वाचायला लावली तरी चालू असलेली जोडणी तुटत नाही, आणि काही चुकले तर तिच्यातूनच दुरुस्ती करता येते. मग एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएच सेवेच्या, सेटिंगच्या फाइलमध्ये रूटचे थेट लॉगिन आणि पासवर्डने होणारे लॉगिन नाकारायचे. त्याबरोबरच प्रश्नोत्तराच्या पद्धतीने होणारे लॉगिनही, कारण त्या दाराने पासवर्ड पुन्हा आत येऊ शकतो. इथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळांना फसवतो. या फाइलमध्ये एकच सेटिंग दोनदा आले तर पहिले मानले जाते, नंतरचे नाही. भाड्याच्या यंत्रांवर प्रतिष्ठापनेच्या वेळी शेजारच्या फोल्डरात एक छोटी फाइल आपोआप पडलेली असते, ती आधी वाचली जाते आणि पुष्कळदा तिच्यात पासवर्ड चालू ठेवलेला असतो. मुख्य फाइलमध्ये आपण तो बंद केला तरी तो चालूच राहतो, आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नये. 'एसएसएचडी'ला लहान 'टी' देऊन मजकूर तपासावा, मोठा 'टी' देऊन शेवटी कोणती सेटिंग लागू झाली ती यादी पाहावी, आणि मग दुसरी खिडकी उघडून कीशिवाय, नुसत्या पासवर्डने आत जाण्याचा प्रयत्न करावा. तो नाकारला गेला पाहिजे. त्यानंतर कीने आत जाऊन पाहावे, सुडो चालते का तेही पाहावे, आणि मगच पहिली जोडणी सोडावी.

की असूनही प्रवेश नाकारला गेला तर बहुधा दोष परवानग्यांचा असतो. एसएसएचचे फोल्डर ७०० आणि ऑथराइज्ड कीज फाइल ६०० अशा परवानग्यांची, म्हणजे फक्त मालकालाच हात लावता येईल अशी, ठेवावी, हे सगळे सांगतात. पण त्यावरचे घरचे फोल्डरही गटातल्या इतरांना लिहिता येण्याजोगे असेल तर सर्व्हर ती की विचारातच घेत नाही. आपल्याला पलीकडून फक्त नकार दिसतो, कारण दिसत नाही. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते.

यंत्राने आपल्याला ओळखावे यासाठी एवढे केल्यावर आपण यंत्राला ओळखतो का, हाही प्रश्न आहे, आणि त्याची हेळसांड सर्वांत जास्त होते. पहिल्या जोडणीच्या वेळी एसएसएच समोरच्या यंत्राचा फिंगरप्रिंट दाखवून पुढे जायचे का विचारते, आणि तिथे 'येस' लिहिण्याची हाताला सवय लागलेली असते. यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या वेबवरच्या पॅनेलमधल्या कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या थेट पडद्यावर, तोच फिंगरप्रिंट आधी पाहून ठेवला तर ताडायला फारसा वेळ लागत नाही. एकदा तो आपल्याकडे नोंदला गेला, की पुढे कधी यंत्र बदलले, किंवा मध्येच कोणी येऊन बसले, तर एसएसएच मोठा इशारा देऊन थांबते. तो इशारा आला की जुनी नोंद पुसून पुढे जाण्याआधी यंत्र खरोखरच नव्याने उभारले गेले का, हे उभारणाऱ्याला विचारावे.

याच पॅनेलविषयी थोडे अधिक सांगायला हवे. की, खाती, सुडो यांची इतकी चोख मांडणी केलेल्या यंत्राच्या डोक्यावर ते पॅनेल बसलेले असते आणि तिथून रूटचा पासवर्ड नव्याने ठरवता येतो, डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडता येते, अख्खे यंत्र पुसताही येते. त्या पॅनेलचे खाते मात्र बहुधा एका जुन्या ईमेलवर, एका लक्षात राहण्याजोग्या पासवर्डवर चालत असते. तिथे दुसरा घटक, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा, लावलाच पाहिजे. दर तीस सेकंदांनी बदलणाऱ्या आकड्यांची पद्धत २०११ पासून प्रमाणित आहे. प्रत्यक्ष हातात धरायची सुरक्षा की मिळाली तर आणखी चांगले. आणि फोन हरवला तर लागणारे परतीचे संकेतांक कागदावर छापून दोघांकडे असावेत, त्याच फोनमध्ये नसावेत. यंत्र स्वतःच्या मालकीचे असेल तर पॅनेलच्या जागी मदरबोर्डवरचा छोटा स्वतंत्र संगणक असतो, यंत्र बंद असतानाही तो जागा असतो. त्याच्या आयपीएमआय २.० या पद्धतीच्या रचनेतच असे आहे, की ओळख पटण्याच्या आधी तो वापरकर्त्याच्या पासवर्डवरून काढलेला हॅश, म्हणजे त्याचे उलट न फिरवता येणारे रूप, विचारणाऱ्याला देऊन टाकतो, आणि मग तो हॅश घरी बसून फोडत राहता येतो. त्याला इंटरनेटवर उघडे ठेवणे मला कोणत्याही कारणासाठी पटत नाही. त्याचे नेटवर्क वेगळेच हवे.

आता राहिला निरोप. माणूस काम सोडून गेला, की त्याचे खाते 'लॉक' करण्याची आज्ञा दिली जाते आणि विषय संपला असे समजले जाते. लिनक्सवरची ती आज्ञा फक्त पासवर्ड निकामी करते. कीने लॉगिन करायचे तर पासवर्ड लागतच नाही, त्यामुळे तो माणूस पूर्वीसारखाच आत येऊ शकतो. त्या आज्ञेच्या माहितीपानावरही हे स्पष्ट लिहिलेले आहे. खात्याची मुदतच संपवावी लागते आणि ऑथराइज्ड कीजमधली त्याची ओळ काढावी लागते. ओळ काढली तरी त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्या तशाच चालू राहतात, त्या वेगळ्या तोडाव्या लागतात. त्याच्या खात्यावर ठरलेल्या वेळी चालणारी कामे असतात. त्याची ओळ दुसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये किंवा रूटच्या फाइलमध्ये पडलेली असते. शेऱ्यात नाव लिहिलेले असेल तर हे सगळे एका शोधात सापडते. नसेल तर मघाशी सांगितलेला लॉगांचा खटाटोप.

मोठ्या संस्था यावर प्रमाणपत्रांचा उपाय करतात. ओपनएसएसएचमध्ये ही सोय २०१० पासून आहे: सर्व्हर एका सही करणाऱ्या कीवर विश्वास ठेवतात, ती माणसाच्या कीवर काही तासांची मुदत घालून सही करते, आणि मुदत संपली की प्रवेश आपोआप संपतो. व्यवस्था उत्तम आहे, पण ती सही करणारी की सांभाळणे हे स्वतःच एक मोठे काम आहे, आणि चार-दोन सर्व्हर असलेल्या चमूने ते ओढवून घ्यावे असे मला वाटत नाही. लहान चमूसाठी त्याच फाइलमध्ये पुरेशी साधने आहेत, फक्त ती फार कमी लोक वापरतात. कीच्या ओळीच्या आरंभी काही अटी लिहिता येतात. बॅकअपच्या कीला 'फ्रॉम' लावून ती एकाच पत्त्यावरून चालेल असे करता येते, 'कमांड' लावून ती एकच आज्ञा चालवेल असे करता येते, 'रिस्ट्रिक्ट' लावून बाकीच्या साऱ्या सवलती काढता येतात. आणि २०१८ मधल्या ७.७ या आवृत्तीपासून 'एक्स्पायरी-टाइम' लिहिता येते: या तारखेनंतर ही की चालणार नाही. बाहेरचा कोणी ठरावीक कामासाठी येणार असेल तर त्याची ओळ चढवतानाच मी त्याच्याशी बोलून ती तारीख घालते, काम लांबले तर त्याने सांगावे आणि ती पुढे ढकलावी असे ठरते. मुदत उलटून गेलेल्या ओळी मी दर तिमाहीच्या सुरुवातीला फाइलमधून काढते, आणि उरलेली नावे त्या त्या माणसाला कळवून विचारते, की हा प्रवेश तुम्हाला अजून लागतो का.